डिस्टॉर्शन दाबलं की घूंऽऽ: नॉइज गेट घ्यायच्या आधी अर्थिंग पाहा

आमच्या मेटल बँडचा कार्यक्रम संपतो, आम्ही केबल गुंडाळायला घेतो आणि स्टेजच्या कडेला दोन-तीन पोट्टे येऊन उभे राहतात. ट्यूनिंग कोणतं, तारा किती जाडीच्या, ड्रमरचा डबल पेडल कुठला, हे सगळं विचारून होतं. मग एकजण हळूच मुद्द्यावर येतो. "दादा, क्लीनवर सगळं बराबर वाजते. डिस्टॉर्शन दाबलं की नुसतं घूंऽऽ करून राह्यलं. कोणता नॉइज गेट घेऊ?"

क्लीन म्हणजे गिटारचा साधा आवाज, डिस्टॉर्शन म्हणजे तोच वाढवून फाडलेला, आणि नॉइज गेट म्हणजे वाजवणं थांबलं की उरलेला आवाज बंद करणारा पेडल. हा प्रश्न आम्हाला वणीत आला, पुसदला आला, हिंगणघाटला आला, वरोऱ्याला तर एका संध्याकाळी चौघांकडून आला. प्रत्येकाला उभ्या उभ्या जेवढं सांगता येईल तेवढं सांगितलं, पण ते नेहमी अर्धवट राहायचं. म्हणून आता सगळं लिहून काढतो. आधीच सांगतो, गेट अजून घेऊ नका. गेटसाठी जमवलेल्या पैशांत बहुतेक घरांचं अर्थिंग नवं होतं, आणि खेड्यात राहणाऱ्या गिटारवाल्याची घूं दहापैकी बऱ्याच वेळा तिथूनच आलेली असते.

आम्हाला हे कळायला तीन उन्हाळे लागले.

आर्णी तालुक्यातल्या एका गावात आम्ही सराव करतो. जागा म्हणजे पूर्वी कापूस साठवायची खोली. भिंती मातीच्या आणि हातभर रुंद, त्यामुळे आवाज बाहेर फार जात नाही, वर टिन. पहिल्या वर्षी होळी झाली आणि घूं सुरू झाली. एप्रिलमध्ये वाढली. नवतपा लागला तेव्हा तारांना हात लावला की मनगटापर्यंत मुंग्या यायच्या. मृगाचे दोन पाऊस पडले आणि सगळं आपोआप शांत. आम्हाला वाटलं, केबलचा काही दोष असेल, गेला. दुसऱ्या वर्षी मार्चमध्ये पुन्हा तेच. त्या उन्हाळ्यात आम्ही केबल बदलल्या, मग पिकअप (तारांचं थरथरणं विजेत बदलणारा गिटारमधला भाग) बदलला, शेवटी गेट घेतला. हात थांबला की गेट घूं दाबायचा. पण वाजवायला लागलो की ती सुराच्या खाली तशीच पसरलेली असायची. त्या दोन महिन्यांत केलेलं सगळं रेकॉर्डिंग टाकून द्यावं लागलं. चार गाणी होती.

तिसऱ्या उन्हाळ्यात गावातले वायरमन काका मल्टिमीटर घेऊन आले. बोर्डाच्या सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामध्ये त्यांनी मोजलं, तर ३८ व्होल्ट. कुलर बंद करायला लावला, आकडा ११ वर आला. "गिटार नाई बिघडली तुमची," काका म्हणाले, "जमीन सुकली."

त्यांचं म्हणणं शब्दशः खरं होतं. आपल्याकडची काळी माती ओली असली की फुगते आणि वाळली की आकसते. मे महिन्यात वावराला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्या आपण लहानपणापासून पाहतो. तेच जमिनीखाली अर्थिंगच्या पाइपाभोवतीही होतं. माती पाइपाला सोडून मागे सरते, मध्ये हवा राहते. शिवाय ओली काळी माती वीज चांगली नेते, सुकी नेत नाही. म्हणजे जून ते डिसेंबर ज्या घराला बरं अर्थिंग असतं, त्याच घराला मार्चनंतर ते नावापुरतं उरतं. आणि नेमक्या त्याच दिवसांत आपण कुलर लावतो. लोखंडी अंग, आत पाणी, जुनी मोटर. मोटरीतून थोडी वीज अंगावर गळतेच. अर्थिंग धड असेल तर ती जमिनीत जाते. नसेल तर ती घरातल्या सगळ्या अर्थच्या तारेवर चढून बसते, आणि ती तार तुमच्या अँपच्या चासीला (धातूच्या सांगाड्याला), तिथून केबलच्या जाळीला, ब्रिजला (गिटारच्या तारा टेकतात त्या धातूच्या भागाला) आणि तारांना जोडलेली असते. विदर्भात दर उन्हाळ्यात कुलरचा शॉक लागून माणसं जातात, ते याच वाटेने. गिटारची घूं हा त्याच धोक्याचा ऐकू येणारा भाग आहे, हे आम्हाला उशिरा कळलं.

क्लीनवर ही घूं का कळत नाही, तेही सांगतो. पिकअपमधून येणारा सिग्नल जेमतेम व्होल्टच्या दहाव्या भागाच्या आसपास असतो. मेटलचा हाय-गेन चॅनेल तो शेकडो-हजारो पट वाढवतो आणि वरून कापतो. रिफ, म्हणजे गिटारचा पुन्हा पुन्हा येणारा तुकडा, कितीही जोरात वाजवली तरी ती त्या छतालाच टेकते. मधल्या शांततेतली बारीक घूं मात्र वाढत वाढत त्याच छतापर्यंत पोचते. मोठा-छोटा हा भेदच मिटतो. म्हणून आपल्या संगीतात हा त्रास जास्त. भजनी मंडळाच्या हार्मोनियमपुढच्या माइकला तीच खराब अर्थ असली तरी तिथे कुणाचं लक्ष जात नाही.

आता माग काढायला सुरुवात. सगळ्यात आधी कान लावून ऐका, कारण सगळा नको असलेला आवाज एकच नसतो.

आपली वीज ५० हर्ट्झची. तिची घूं ५० वर असते आणि १०० वरही. सगळ्यात खालचा जी सूर ४९ हर्ट्झचा, त्याच्या वरचा जी ९८ चा. म्हणजे विजेची घूं जी पेक्षा किंचित चढी लागते. तारा तळव्याने दाबून ट्यूनर लावा; ट्यूनर जी दाखवून काटा थोडा उजवीकडे धरत असेल तर ती विजेचीच घूं. आमच्या बेसवाल्याची पद्धत याहून सोपी आहे. तो बेसची जी तार सुटी वाजवतो. ती ९८, घूं १००, दोन्ही मिळून सेकंदाला दोन हेलकावे ऐकू येतात. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, तिथल्या जुन्या रेकॉर्डिंगमधली घूं बी आणि बी फ्लॅटच्या मध्ये कुठेतरी बसते. एकदा कान बसला की हे सहज ओळखू येतं.

घूं गोल आणि जाड असेल तर संशय अर्थिंगवर किंवा अर्थच्या दोन वाटांवर. तीच जर कर्कश, झर्रर्र अशी असेल तर घरातलं काहीतरी हवेतून पिकअपमध्ये घुसतंय. नुसती सूंऽऽ, पावसासारखी, ही गेनची, म्हणजे अँप सिग्नल जेवढा वाढवतो त्या वाढीची, स्वतःची आहे. ती पूर्ण कधीच जात नाही आणि जायची गरजही नाही. आणि बारीक चींऽऽ असेल तर पेडलचा अडॅप्टर किंवा लॅपटॉप.

मग गिटारचा व्हॉल्यूम शून्य करा. आवाज गेला तर तो पिकअपमधून येतोय. राहिला तर गिटारच्या पुढे कुठेतरी आहे. केबल अँपमधून काढा. तरी राहिला तर अँप किंवा घरची लाइन. ही दोन मिनिटांची तपासणी न करता आम्ही पिकअप बदलला होता, म्हणून एवढं आग्रहाने सांगतो.

अँप स्वतःच दोषी निघाला, विशेषतः जुना असेल आणि १०० हर्ट्झवर घुरघुरत असेल, तर बहुधा आतले फिल्टर कपॅसिटर थकलेले असतात. व्हॉल्व्हचा अँप असेल तर तो स्वतः उघडू नका. आत ४०० व्होल्टच्या आसपास असतात आणि प्लग काढल्यावरही ते कपॅसिटरमध्ये टिकून राहतात. जाणकाराकडेच द्या.

घरची लाइन तपासायला मल्टिमीटर हवा, आणि तो धरायची सवय नसेल तर वायरमनला बोलवा. यात कमीपणा काही नाही. एसी व्होल्टवर ठेवून तीन ठिकाणी मोजायचं. फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास, फेज-अर्थही जवळपास तेवढेच, आणि न्यूट्रल-अर्थ शून्य ते दोन-तीन. हा तिसरा आकडा दहाच्या वर गेला की शोध तिथेच थांबवा आणि अर्थिंगचं काम आधी करा. कुलर, पाण्याची मोटर, फ्रीज एकेक चालू-बंद करून आकडा कोणामुळे उडतो तेही पाहा. आमच्याकडे कुलर निघाला; दारव्ह्याकडच्या एकाच्या घरी पाण्याची टिल्लू मोटर होती. त्या वस्तूची दुरुस्ती वेगळी करायचीच.

अर्थिंगचा खड्डा जिथे वर्षभर ओल असते तिथे घ्या. न्हाणीच्या सांडपाण्याची जागा, हौदाची कडा. भिंतीलगत, टिनाच्या वळचणीखाली, जिथे पावसाळा सोडून थेंब पडत नाही तिथे नको. आमचा जुना नेमका तिथेच होता. जस्ताचा मुलामा दिलेला अडीच मीटर लांब पाइप, त्याला भोकं, भोवती कोळसा आणि मिठाचे थर, वर पाणी टाकायला नरसाळं, ही पद्धत गावोगावच्या वायरमनला येते. मीठ ओल धरतं, पण पाइप खातंही. काही वर्षांनी पाइप पाहावा लागतो. मिठाऐवजी बेंटोनाइट भरता येतं. ती एक माती आहे आणि तिच्यातलं मुख्य खनिज, माँटमोरिलोनाइट, आपल्या काळ्या मातीतही असतं. म्हणजे आपली माती अर्थिंगला वाईट नाही, उलट उत्तम आहे. तिला फक्त कोरडी पडू द्यायची नाही. आम्ही फेब्रुवारी संपला की दर दोन दिवसांनी नरसाळ्यात दोन बादल्या पाणी टाकतो. सरावाला जो पहिला येईल त्याचं ते काम. यंदाच्या मे महिन्यात न्यूट्रल-अर्थ २ व्होल्टच्या वर गेलं नाही. बोर्डावर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबीही बसवून घेतली; गळती झाली तर ती लाइन तोडते.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती आम्ही अजूनही पाहतो. तीन पिनांच्या प्लगची वरची जाड पिन तोडून किंवा अर्थची तार सोडवून घूं घालवतात. घूं खरंच कमी होते, म्हणून ही युक्ती एकाकडून दुसऱ्याकडे जाते. ती पिन बाकी दोघींपेक्षा लांब ठेवलेली असते ती मुद्दाम. प्लग आत जाताना अर्थ सगळ्यांत आधी जोडला जावा आणि निघताना शेवटी सुटावा म्हणून. ती तोडलेल्या अँपमध्ये उद्या फेज चासीला लागला तर त्याला जायला एकच वाट उरते: गिटारच्या तारांवरचा तुमचा हात, आणि माइकला टेकलेले तुमचे ओठ. १९७२ साली वेल्समधल्या स्वान्सीत, स्टोन द क्रोज या बँडचा गिटारवादक लेस हार्वी अर्थ नसलेल्या माइकला हात लावल्यामुळे भर स्टेजवर गेला. वीज तिथली आणि इथली एकच. पिन तोडलेली केबल कुणाच्या बॅगेत दिसली तर त्याला ती बदलायला लावा.

तारांना हात लावल्यावर काय होतं, यावरून बरंच कळतं. हात लावला की घूं कमी होते: गिटारची आतली जोडणी ठीक आहे, तुमचं शरीर अँटेनासारखं हवेतली घूं ओढत होतं, ते बंद झालं. हात लावून फरकच पडत नाही, पण जॅकच्या धातूला बोट लावलं की कमी होते: ब्रिजखाली जाणारी अर्थची तार तुटली आहे. घामाने ती जोडणी गंजते, आपल्या उन्हाळ्यात लवकर गंजते. सोल्डरिंगचा एक डाग द्यायचा, दहा मिनिटांचं काम. आणि हात लावला की घूं वाढते किंवा मुंग्या येतात: गिटार खाली ठेवा, अँप बंद करा आणि वर लिहिलेल्या अर्थिंगकडे वळा.

झर्रर्र आवाजाचे धनी घरातच सापडतात. पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, स्वस्त एलईडी बल्ब, जुन्या ट्यूबलाइटचा चोक. पण आपल्याकडे सगळ्यात मोठा धनी म्हणजे इन्व्हर्टर. लाइट गेली की बरेच जण इन्व्हर्टरवर सराव चालू ठेवतात आणि म्हणतात, दिवसा बरा वाजतो, रात्री बिघडतो. स्वस्त इन्व्हर्टरची वीज चौकोनी लाटेची असते. चौकोनी लाटेत ५० बरोबर १५०, २५०, ३५० असे वरचे सूरही जोराचे असतात, आणि ते थेट गिटारच्या पट्ट्यात येतात. घरात साइन वेव्हचा इन्व्हर्टर नसेल तर लाइट गेल्यावर अँप बंद ठेवून बॅटरीवरच्या छोट्या हेडफोन अँपवर बोटांचा रियाज करा. स्टॅबिलायझर लावलेला असेल तर त्यापासून चार-पाच हात लांब बसा. त्यातल्या ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र पिकअप पकडतं. गिटार घेऊन जागेवरच हळूहळू गोल फिरा. एका दिशेला घूं मरते आणि दुसरीकडे वाढते, असं झालं तर हेच कारण.

सिंगल कॉइल पिकअप असेल तर ही हवेतली घूं येणारच. हंबकर या दोन कॉइलच्या पिकअपचं नावच तिच्यावरून पडलंय, घूं म्हणजे इंग्रजीत हम. गिब्सन कंपनीत सेथ लव्हरने १९५५ साली त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला. कल्पना अशी: दोन कॉइल शेजारी ठेवायच्या, वळण उलट, चुंबकाची बाजूही उलट. तारेचा सूर दोन्हीतून एकाच दिशेने येतो, म्हणून मिळून वाढतो. बाहेरची घूं उलट-सुलट येते, म्हणून एकमेकीला खोडते. जड संगीताला हंबकर लागतो यामागे जाडसर आवाजाइतकंच हेही कारण आहे. तुमच्याकडे सिंगल कॉइलवालीच गिटार असेल तर ती विकायची घाई नको. आतल्या खोबणींना तांब्याची पट्टी चिकटवून ती अर्थला जोडा. स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियमची फॉइल लावून पाहिलेले बरेच भेटतात, पण तिला सोल्डर धरत नाही, आणि अर्थला न जोडलेली फॉइल काही कामाची नाही. पट्टीने झर्रर्र बरीच कमी होते. ट्रान्सफॉर्मरची गोल घूं तिने जात नाही, ती चुंबकीय असते.

पेडलचं थोडक्यात. एका अडॅप्टरवरून चार पेडल साखळीने चालवले, त्यात एक डिजिटल डिले (आवाजाचे पडसाद देणारा पेडल) असेल, तर चींऽऽ येते. डिस्टॉर्शनचा पेडल एकटा ९ व्होल्टच्या बॅटरीवर लावून पाहा. शांत झाला तर दोष अडॅप्टरच्या साखळीत आहे. आयसोलेटेड सप्लाय, म्हणजे प्रत्येक पेडलला वेगळी वीज देणारा, घ्या. लॅपटॉपवर रेकॉर्ड करताना घूं आली तर चार्जर काढा. दोन पिनांच्या चार्जरमुळे लॅपटॉपच्या धातूच्या अंगावर हलक्या मुंग्याही येतात. बॅटरीवर टेक घ्यायचा, मग चार्ज करायचा, असं आम्ही आजही करतो.

स्टेजवर घरचं सगळं ठीक असूनही घूं येते, तिचं कारण वेगळं. अँप एका बोर्डावर, साउंडवाल्याचा मिक्सर मंडपाच्या दुसऱ्या टोकाला दुसऱ्या बोर्डावर, आणि मध्ये सिग्नलची केबल. अर्थला दोन वाटा मिळतात, त्यांचं मोठं कडं तयार होतं आणि त्यात घूं फिरते. बिछायतवाल्याशी आधीच बोला: सगळी वाद्यं आणि मिक्सर एकाच फेजवर, एकाच जागेवरून, लाइटिंग दुसऱ्या फेजवर. वाद्यं दोन फेजवर विभागू नका, दोन फेजमध्ये सुमारे ४०० व्होल्टचं अंतर असतं. तरी घूं राहिली तर डीआय बॉक्सवरचा (वाद्याचा सिग्नल मिक्सरकडे पाठवणाऱ्या डबीवरचा) ग्राउंड लिफ्टचा खटका दाबा. तो फक्त सिग्नलच्या केबलची जाळी तोडतो, विजेचा अर्थ तसाच राहतो. कडं तोडायचं ते इथे.

जनरेटरवर कसं वागायचं हे आम्ही झाडीपट्टीत शिकलो. दिवाळीनंतर मंडईच्या, म्हणजे तिकडच्या जत्रेच्या, दिवसांत वडसा, ब्रह्मपुरी, साकोलीकडे रात्रभर नाटकं चालतात, धान कापलेल्या बांधीत मंडप आणि वीज जनरेटरची. एका नाटकाच्या साउंडवाल्या मामांनी आम्हाला दाखवलं. जनरेटर उतरला की आधी धुऱ्याच्या ओल्या कुशीत लोखंडी सळई ठोकायची, तिला जनरेटरच्या अंगाची जाड तार घट्ट आवळायची, वर पाणी ओतायचं, मग इंजिन सुरू. "पयले जमीन, मंग मशीन," ते म्हणाले. त्या मंडपात सकाळपर्यंत ऑर्गन वाजला आणि आम्ही कान लावून बसलो होतो, घूं नव्हती.

एवढं सगळं झाल्यावर गेनकडे या. घरी एकट्याने वाजवताना गेनचं बटण घड्याळाच्या काट्यासारखं तीनपर्यंत फिरवलेलं असतं, कारण त्याने आवाज भरल्यासारखा वाटतो. बँडमध्ये तोच आवाज चिखल होतो. रेकॉर्डमधला दणका बऱ्याचदा कमी गेनवर तीच रिफ दोनदा, डावीकडे-उजवीकडे वेगळी वाजवून आलेला असतो. गेन अकरा-बारापर्यंत उतरवा, अँपच्या आधी ट्यूब स्क्रीमर जातीचा ओव्हरड्राइव्ह पेडल, त्याचा ड्राइव्ह शून्यावर आणि लेव्हल भरपूर ठेवून लावा. तो ७२० हर्ट्झच्या खालचा भाग हळूहळू कमी वाढवतो, त्यामुळे ड्रॉप सी मध्येही (सहावी जाड तार सी पर्यंत उतरवलेल्या ट्यूनिंगमध्ये) ती तार पसरत नाही, आणि उरलीसुरली ५०-१०० ची घूंही त्याच चाळणीत अडकते.

आता गेट. हवाच असेल तर घ्या, आम्हीही वापरतो. तो डिस्टॉर्शनच्या नंतर लावा, डिले-रिव्हर्बच्या आधी. नाहीतर डिलेची शेपटी कापली जाईल. थ्रेशोल्ड, म्हणजे ज्या पातळीखालचा आवाज गेट बंद करतो ती, शून्यावरून सुरू करा, तारा तळव्याने दाबा आणि सूंऽऽ बंद होईपर्यंतच वाढवा. मग एक सूर वाजवून सोडून द्या आणि शेवटपर्यंत ऐका. तो मध्येच तुटला तर थ्रेशोल्ड थोडा मागे घ्या, पुन्हा वाजवा, पुन्हा ऐका. सूर आपणहून विझेपर्यंत हे करत राहा.